अंगालगतचा कपडा घामासाठी असतो



गेल्या महिन्याभरात या सदराकडे एकच प्रश्न तीन निरनिराळ्या घरांतून आला. एका घरातला मुलगा एन.सी.सी.मार्फत हिमालयातल्या शिबिराला निघाला आहे. दुसऱ्या घरातली मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर कळसूबाईला जाणार आहे. तिसऱ्या घरातल्या मुलाने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव घातले आहे. तिघांच्याही हातात सामानाची यादी आहे. बूट, कानटोपी, हातमोजे, बॅटरी हे सगळ्यांना समजते. गाडी अडते ती एका ओळीपाशी : ‘थर्मल इनर, दोन जोड.’ विड्या वळणाऱ्या एका वहिनींनी मला सरळच विचारले, “दादा, हे थर्मल म्हणजे काय असतंय? घरात दोन स्वेटर हायत की. तेच आतून घातलं तर चालत नाही का?”

वहिनींचा प्रश्न रास्त आहे. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि थंडी चार दिवसांची पाहुणी असते. असल्या कपड्याची आपल्याला कधी गरजच पडली नाही, म्हणून पारखही नाही. नवी पेठेत जाऊन “थर्मल द्या” म्हटले की पुष्कळदा जाडजूड, आतून लव असलेला सुती जोड पुढे येतो. आपण हाताने चाचपतो, जाड आहे म्हणजे गरम असणार असे धरून चालतो आणि पैसे मोजतो. घरी अंथरुणात पडून राहायला तो जोड उत्तम आहे. पण पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलाच्या अंगात तोच जोड घात करू शकतो. कसा, ते आज पाहू.

टॉवेलचा गुण, बनियनचा दोष

सोलापूरचा टॉवेल देशोदेशी का जातो? तो पाणी पितो म्हणून. अंगावरचे पाणी ओढून घ्यायचे आणि स्वतःत साठवायचे, हा सुताचा धर्म आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-वडील मिलमध्ये राबले, आजही अनेकजण यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांना हे सांगायची गरज नाही. सुती बनियन हाही त्याच जातीचा कपडा. तो घाम पितो आणि धरून ठेवतो.

आता डोंगरावर काय होते ते पाहा. पाठीवर दहा-बारा किलोचे ओझे घेऊन चढण चढणारा माणूस थंडीतसुद्धा घामाघूम होतो. जोराच्या चढणीत तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. चालत असेतो काही वाटत नाही, कारण शरीराची भट्टी पेटलेली असते. पण माथ्यावर पोहोचून माणूस बसला, वारा लागला, की तो भिजलेला बनियन अंगाला चिकटतो. स्थिर हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. शिवाय कपड्यातले ते पाणी वाळायलाही उष्णता लागते आणि तिचा बराचसा भाग आपल्या शरीरातून जातो. एक लिटर घाम वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी धरली, तर ही पावणेदोन भाकरींची शक्ती झाली. चढताना अंग थंड ठेवायला हा खर्च उपयोगी असतो. थांबल्यावर तोच खर्च अंगावर येतो.

म्हणून वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे : अंगालगतच्या कपड्याचे पहिले काम ऊब देणे हे नाही. त्वचेवरचा घाम उचलून बाहेरच्या बाजूला पोहोचवायचा, स्वतः भराभर वाळायचे आणि अंग कोरडे ठेवायचे, हे त्याचे काम. ऊब द्यायला वरून स्वेटर आहेच. स्वेटर आतून घातला तर तो घामाने भिजणार, जड होणार, आणि वरून घालायला मग काहीच उरणार नाही.

वाकळ, घोंगडी आणि चीवर

आपल्या आया-आज्या जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकून वाकळ शिवत. एकेक लुगडे विरलेले, पण वाकळ मात्र उबदार. त्याचे कारण थरांच्या मध्ये अडकलेली हवा. हवा स्थिर राहिली की उष्णता सहज बाहेर जात नाही. डोंगरावरच्या कपड्यांचेही हेच आहे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन हलके थर घालावेत. चढताना एक काढता येतो, थांबल्यावर पुन्हा चढवता येतो. जाड कपड्याला ही सोय नाही. तो अंगात ठेवला तर घाम, काढला तर गारठा.

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरासंबंधी एक प्रकरण आहे. त्यातील एक प्रसंग या विषयाला इतका लागू पडतो की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. राजगृहाहून वैशालीकडे जाताना भगवान बुद्धांना काही भिक्खू डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी घेऊन चालताना दिसले. हे ओझे किती असावे, याला मर्यादा हवी असे त्यांना वाटले. वैशालीच्या गोतमक चैत्यात मुक्काम असताना, हिम पडणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या रात्री ते एकच चीवर पांघरून उघड्यावर बसले. पहिला प्रहर संपताना थंडी जाणवली, तेव्हा दुसरे घेतले. मधला प्रहर संपताना तिसरे घेतले. पहाटेला चौथे घेतले आणि मग थंडी वाजली नाही. यानंतर त्यांनी भिक्खूंना तीन चीवरांची अनुज्ञा दिली : दुपदरी संघाटी, एकपदरी उत्तरासंग आणि एकपदरी अंतरवासक. पदर मोजले तर चारच होतात.

थंडी सोसत नाही अशा माणसालाही किती कपडे पुरतील, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर एक रात्र घालवून ठरवले. आजचे गिर्यारोहक ज्याला थरांची पद्धत म्हणतात, तिचे दोन्ही नियम या प्रसंगात आहेत. थंडी वाढेल तसा एकेक थर चढवायचा, आणि गाठोडे वाढू द्यायचे नाही.

धागा कोणता घ्यावा?

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

पहिला, सुती किंवा बहुतांशी सुती. कापूस नेहमीच्या हवेतच आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो. घामात तो चिंब होतो आणि लवकर वाळत नाही. लेबलवर साठ-सत्तर टक्के कॉटन असे असेल तर चढाईसाठी तो जोड नको.

दुसरा, पॉलिस्टर. हा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीतच नाही. त्याचे ओलावा धरण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. हा कपडा हलका, टिकाऊ आणि स्वस्त असतो. काही शेकडा रुपयांत चांगला पॉलिस्टरचा जोड मिळतो. दोष एकच, दोन दिवसांत त्याला घामाचा वास मारू लागतो. वास येतो म्हणून थंडी वाजत नाही. तेवढे सोसावे.

तिसरा, पॉलिप्रॉपिलीन. हा पाण्याच्या बाबतीत पॉलिस्टरहूनही सरस. पण उष्णतेला फार हळवा आहे. सुमारे १६० अंशांवर वितळतो, त्यामुळे त्याला इस्त्री चालत नाही.

चौथा, मेरिनो मेंढीची बारीक लोकर. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. आपल्या जिल्ह्यात सांगोल्याकडे धनगर बांधव भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभे असतात, ते याच गुणाच्या भरवशावर. आपली दख्खनी लोकर भरड आहे, ती उघड्या अंगाला टोचते, म्हणून तिची घोंगडी होते, बनियन होत नाही. मेरिनोचा धागा फार बारीक, म्हणून टोचत नाही. तिला वासही लवकर येत नाही. मात्र किंमत हजारोंत जाते आणि धुण्यात जरा आडदांडपणा झाला की कपडा आटतो.

मग कामगाराच्या घराने काय घ्यावे? माझे मत स्पष्ट आहे. पहिल्या-दुसऱ्या मोहिमेसाठी हलक्या पॉलिस्टरचे दोन जोड घ्यावेत. मेरिनो नाही म्हणून कुणाचे शिखर अडत नाही.

वजन किती असावे?

सोलापुरात जी.एस.एम. म्हणजे काय हे सांगणे म्हणजे कोळ्याला जाळे दाखवणे आहे. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. आपला चांगला टॉवेल चारशे-पाचशेच्या घरात असतो. थर्मलच्या कापडात १२० ते १६० जी.एस.एम. म्हणजे हलके, १८० ते २२० म्हणजे मध्यम आणि २५० च्या पुढे जाड समजतात.

चालणे आणि चढणे यासाठी हलके घ्यावे. हलके कापड लवकर वाळते, बॅगेत मुठीएवढ्या जागेत मावते आणि त्याच्यावर दुसरा थर सहज बसतो. मध्यम कापडाचा जोड तळावर बसून राहण्याच्या वेळेसाठी आणि रात्री झोपण्यासाठी चांगला. जाड कापड बर्फात तासन्‌तास एका जागी थांबावे लागणाऱ्यांसाठी. आपल्या मुलांना सुरुवातीला त्याची गरज नाही.

या बाबतीत एक जुनी गोष्ट मजेची आहे. आपल्याकडे म्हातारी माणसे जाळीचा बनियन घालत, तरुण पोरे त्याला हसत. नॉर्वे देशात १९३३ साली हेन्रिक ब्रून नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्याचा बनियन शिवला होता. जाळीचा धागा अंगाला कमीत कमी टेकतो, भोकांत हवा राहते, आणि चालताना घामाची वाफ त्यातून निघून जाते. १९५३ साली ज्या तुकडीतून तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर चढले, त्या तुकडीच्या सामानात असेच जाळीचे बनियन होते. कपडा भोकांचा आहे की भरीव, यावरून ऊब ठरत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

दुकानात काय पाहावे?

१. आधी लेबल वाचा. ‘थर्मल’ हा शब्द सुती कपड्यावरही छापतात. आतल्या शिवणीवरच्या पट्टीवर धाग्याचे प्रमाण लिहिलेले असते, तेच खरे.

२. कपडा अंगाला लागून बसला पाहिजे. सैल असेल तर घाम उचलणार नाही, आवळ असेल तर श्वास आणि रक्त अडेल. वाढत्या अंगाला होईल म्हणून दोन नंबर मोठा घेण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

३. दोन्ही हात वर करून पाहावे. कडा चढताना हात सतत वर जातात. वरचा कपडा कमरेतून निसटून पोट उघडे पडत असेल तर तो आखूड आहे.

४. शिवणी पाहाव्यात. त्या सपाट असाव्यात. खांद्यावर बॅगेचा पट्टा आणि कमरेला-मांडीला हार्नेसचा पट्टा दिवसभर घासतो. जाड शिवण तिथे आली की कातडी सोलून निघते.

५. गळ्याला छोटी चेन असली तर चांगले. चढताना उघडायची, वाऱ्यात लावायची. नसली तरी काम अडत नाही.

६. घरी आणल्यावर कपडा उलटा करून आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पटकन पसरून बाहेरच्या बाजूला उमटला तर कपडा घाम उचलणारा आहे. मग तो भिजवून, पिळून पंख्याखाली टांगा, शेजारी घरातला सुती बनियन तसाच भिजवून टांगा, आणि कोण आधी वाळते ते मुलांनाच बघू द्या. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा हा प्रयोग त्यांना जास्त पटेल.

मुलींच्या मातांना एक सूचना. वरचा जोड पॉलिस्टरचा आणि आतली ब्रा सुती, असे झाले तर छातीवर ओले फडके ठेवल्यासारखेच होते. खेळाच्या कपड्यांत मिळणारी सिंथेटिक ब्रा घ्यावी. चड्डी आणि मोज्यांनाही हाच नियम. हे बोलायला संकोच वाटतो म्हणून कोणी सांगत नाही, आणि त्रास मुलीला होतो.

कुठे काय लागेल?

उंचीचा हिशेब साधा आहे. दर हजार मीटर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे दुपारी २० अंश असतील, तर चार हजार मीटरवर ७ अंश धरावेत, आणि वारा असेल तर त्याहून गार वाटेल. रात्री पारा शून्याखालीही जाईल. हिमालयातल्या शिबिरासाठी दोन जोड लागतात ते यासाठी : एक चालण्याचा, एक झोपण्याचा. झोपण्याचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काहीही झाले तरी तो घालून चालायला निघू नये. संध्याकाळी ओला जोड उतरवून कोरड्या जोडात शिरणे, यावर रात्रीची झोप अवलंबून असते.

सह्याद्रीत निराळा हिशेब. कळसूबाई आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर, पण उंची १६४६ मीटर. पावसाळ्यात चालताना थर्मलची गरज नाही. पोरे फुटबॉल-कबड्डीला घालतात तो पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगात आणि वरून रेनकोट, एवढे पुरते. जीन्सची पँट मात्र घरी ठेवावी. ती सुतीच असते, भिजली की पायाला शिसे बांधल्यासारखी होते. डिसेंबर-जानेवारीत हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर रात्रीसाठी एक जोड जवळ असावा. तोच जोड डिसेंबरात बुद्धगया, सारनाथ, कुशीनगरच्या यात्रेला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही उपयोगी पडतो. त्या बाजूची धुक्यातली थंडी आपल्याला सोसणारी नसते.

अंगातली ऊब उतरली तर

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. यासाठी बर्फच लागतो असे नाही. पाच-दहा अंशांचा पाऊस, वारा आणि ओले सुती कपडे एवढेही पुरतात. खूण म्हणजे न थांबणारी थरथर. मग हात काम देईनासे होतात, बुटाची नाडी बांधता येत नाही, पाय अडखळतात, बोलणे जड होते, माणूस चिडचिड करतो किंवा गप्प बसतो. थरथर थांबली पण माणूस सावध नाही, ही सर्वांत वाईट खूण आहे.

अशा वेळी आधी वाऱ्यातून आडोशाला न्यावे. ओले कपडे पूर्ण उतरवून कोरडे घालावेत, डोके झाकावे, खाली काहीतरी अंथरावे. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत. दारू तर मुळीच देऊ नये. दारूने गरम वाटते, पण प्रत्यक्षात अंगातली उष्णता बाहेर पडते. आणि डॉक्टरकडे न्यायची सोय ताबडतोब करावी. हा मजकूर मुलाच्या वहीत उतरवून द्यावा, अशी माझी विनंती आहे.

धुण्याचे नियम

पॉलिस्टरचा जोड साध्या पावडरीने, थंड किंवा कोमट पाण्यात धुवावा. कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये; त्याचा लेप धाग्यावर बसतो आणि कपडा घाम उचलेनासा होतो. लोकरीचा कपडा ब्रशने घासू नये, धोपटू नये, गरम पाण्यात घालू नये, पिळून तारेवर टांगू नये. सावलीत सपाट पसरून वाळवावा. आणि दोन्ही सिंथेटिक जोड स्टोव्ह आणि शेकोटीपासून लांब ठेवावेत. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतात.

पैशाचा हिशेब

आता मूळ मुद्दा. थंडीची भीती आणि सामानाची यादी, या दोन गोष्टींपायी आपल्या घरांतून ‘नको, जाऊ नकोस’ हा शब्द निघतो. मुलीच्या बाबतीत तर लगेच निघतो. पण पुढचे दाखले पाहा. आपल्या सोलापूरचे आनंद बनसोडे २०१२ साली एव्हरेस्टवर पोहोचले. २५ मे २०१४ रोजी मलावत पूर्णा आणि साधनापल्ली आनंदकुमार हे दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. दोघेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. पूर्णा आदिवासी शेतमजुरांची लेक, तिला तेव्हा चौदा वर्षेही पूर्ण नव्हती. भोंगीरच्या खडकावर तिने पहिले धडे घेतले, मग दार्जिलिंग, मग लडाखची थंडी. मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले आदिवासी विद्यार्थीही एव्हरेस्टवर पोहोचले. या मुलांच्या घरी थर्मल नव्हते. कोणीतरी संस्थेने, सरकारने ते पुरवले, शिकवले आणि मुलांनी पुढचे केले.

गिर्यारोहण संस्था बूट, दोर, झोपण्याची पिशवी असले महागडे सामान बहुतेक वापरायला देतात. अंगालगतचे कपडे मात्र आपले आपल्यालाच न्यावे लागतात. मग ते आपण का पुरवू नयेत?

वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे आकडेच मांडतो. हलक्या पॉलिस्टरचा वरचा आणि खालचा मिळून एक जोड हजार रुपयांचा धरा. दहा जोडांचे दहा हजार झाले. वस्तीतली चाळीस घरे असतील तर घरटी अडीचशे रुपये, तेही एकदाच. मंडळाने आकारवार दहा जोड घेऊन विहारात किंवा वाचनालयात एका पेटीत ठेवावेत. एक वही घालावी. मुला-मुलीने नेताना सही करून न्यावे, आल्यावर धुऊन, चांगले वाळवून परत करावे. अंगालगतचा कपडा म्हणून स्वच्छता कडक हवी. परत आलेला जोड पुन्हा धुऊन आठ दिवस तरी पेटीत राहू द्यावा, मगच पुढच्याला द्यावा. आतले अंतर्वस्त्र आणि मोजे ज्याचे त्याने आणावेत. नीट वापरला तर एक जोड किती मुलांच्या अंगाखालून जाईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जयंतीच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या डीजेला मंडळे किती मोजतात ते मी लिहीत नाही, वर्गणी गोळा करणाऱ्या सर्वांना माहीत आहे. त्यातला थोडा भाग काढला तरी ही पेटी भरते आणि पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

ज्या मंडळाला अशी पेटी करायची असेल त्यांनी आधी वस्तीतल्या कॉलेजच्या मुला-मुलींची छाती आणि कमर यांची मापे लिहून काढावीत आणि लहान, मध्यम, मोठे यांचे किती जोड लागतील ते ठरवावे. मग दोघा-तिघांनी मिळून दुकानात जावे, लेबल वाचून, हात वर करून पाहून एकगठ्ठा खरेदी करावी; दहा जोड घेताना दुकानदार भावात काहीतरी सोडतोच. खरेदीला एखादी मुलगी बरोबर असावी, म्हणजे मुलींच्या मापाचे जोड विसरले जाणार नाहीत. पावती वहीत चिकटवून ठेवावी.

जय भीम.